सेवेत बळावलेला आजार

सैनिकाचे अपंगत्व म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कुबडी, चाकाची खुर्ची किंवा सदऱ्याची रिकामी बाही उभी राहते. कथा-कादंबऱ्यांनी आणि चित्रपटांनी घडवलेल्या या प्रतिमेत गोळी असते, शत्रू असतो आणि घटनेची तारीख असते. मधुमेह, रक्तदाब, अपस्मार किंवा स्किझोफ्रेनिया यांना अशी तारीख नसते. बर्फात, वाळवंटात, अपुऱ्या झोपेत आणि घरापासून दूर काढलेल्या वर्षांत जे शरीरात मुरत जाते, त्याला जखम म्हणावे की नाही, हा प्रश्न आपल्या साहित्याने क्वचितच विचारला. शासनाच्या नियमांना मात्र तो विचारावाच लागतो.

अपंगत्व निवृत्तिवेतनाच्या नियमांत दोन शब्द निर्णायक आहेत. आजार सैनिकी सेवेमुळे उद्भवलेला असला पाहिजे किंवा सेवेमुळे बळावलेला असला पाहिजे. शिवाय अपंगत्व किमान २० टक्के ठरले पाहिजे. 'बळावणे' हे क्रियापद मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. मूळ प्रकृतीत काही दोष असेलही, पण राहणीने आणि कष्टाने तो वाढतो, हे अनुभवाचे शहाणपण त्यात आहे. वैद्यकीय मंडळाच्या अहवालात मात्र पुष्कळदा एकच वाक्य येते: आजार सेवेमुळे उद्भवलेला नाही आणि बळावलेलाही नाही. का नाही, याचे कारण त्या वाक्यात नसते. निर्णय असतो, पण युक्तिवाद नसतो.

धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार हा खटला यासाठी वाचण्यासारखा आहे. सिग्नल कोअरमधील या शिपायाची भरती १९८५ सालची. अपस्मारामुळे १९९४ मध्ये त्याला सेवेतून कमी करण्यात आले आणि आजार प्रकृतिगत ठरवून निवृत्तिवेतन नाकारण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये निकाल त्याच्या बाजूने दिला. १९८२ च्या नियमांचा आधार घेत न्यायालयाने म्हटले, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर सैनिक निरोगी होता असे गृहीत धरले पाहिजे. आजार सेवेचा नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी शासनाची आहे आणि वाजवी संशयाचा फायदा सैनिकाला मिळाला पाहिजे. घरी पाठवणे आणि न्याय मिळणे यांत एकोणीस वर्षांचे अंतर आहे. एवढ्यावर प्रश्न मिटायला हवा होता. तरीही मे २०२५ मध्ये स्किझोफ्रेनियाच्या एका प्रकरणात, वैद्यकीय मंडळाने कारणे दिलीच पाहिजेत, हे सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले. त्याच वर्षी मार्चमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मधुमेहाच्या प्रकरणात स्पष्ट केले, की आजार शांततेच्या ठिकाणी नेमणूक असताना जडला एवढ्यावरून तो सेवेचा नाही असे ठरत नाही.

नागपूरकरांना हा विषय परका वाटू नये. कामठीत ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे रेजिमेंटल केंद्र आहे, वायुसेनानगरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय आहे. दवाखान्यांनी दाटलेल्या आमच्या रामदासपेठेत गोळ्यांची चिठ्ठी घेऊन बसलेल्या प्रौढ रुग्णांत माजी सैनिकही असतात, पण त्यांच्या आजारावरून ते ओळखता येत नाहीत. निर्णयाविरुद्ध दाद मागायची तर महाराष्ट्रासाठी सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे खंडपीठ मुंबईत, म्हणजे येथून आठशे किलोमीटरहून अधिक अंतरावर आहे. आजारी माणसाला हे अंतर नकाशावरच्यापेक्षा मोठे असते.

दुसरी बाजूही नीट ऐकली पाहिजे. मार्च २०२३ मध्ये संसदेत मांडलेल्या कॅगच्या अहवालानुसार, दरवर्षी निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी सुमारे ३६ ते ४० टक्क्यांना, तर जवानांपैकी १५ ते १८ टक्क्यांना अपंगत्वाचा लाभ मिळत होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नवे नियम आले. सवलतीचा गैरवापर होत असेल तर तो थांबवलाच पाहिजे. पण हे आकडे आणखी एक गोष्ट सांगतात: ज्यांना फाइलची भाषा येते, त्यांच्या हाती लाभ अधिक लागतो. गैरवापराचा उपाय म्हणून पुराव्याचे ओझे सर्वांवर सरसकट टाकले, तर ते सर्वांत जड होईल ते शिपायालाच.

अमेरिकेने १९९१ च्या एजंट ऑरेंज कायद्याने आणि २०२२ च्या पॅक्ट कायद्याने वेगळी वाट धरली. ठरावीक ठिकाणी सेवा केलेल्या सैनिकाला ठरावीक आजार झाला, तर तो सेवेमुळेच झाला असे गृहीत धरले जाते. प्रत्येकाला वेगळा कार्यकारणभाव सिद्ध करावा लागत नाही. आपल्याकडेही अतिउंचीवरील आणि दीर्घ तणावाच्या नेमणुकांसाठी अशी यादी करता येईल. ती होईपर्यंत निदान एवढे व्हावे, की नकाराचे प्रत्येक वाक्य सकारण असावे आणि ते सैनिकाला त्याच्या भाषेत वाचायला मिळावे.

आपण साहित्याचे शिक्षक विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेतही निराधार विधानाखाली लाल रेघ ओढतो. एका माणसाची वीस वर्षे निकालात काढणाऱ्या वाक्याकडून तेवढीच अपेक्षा ठेवणे जास्त होणार नाही.