सभासदांच्या नोंदी: स्प्रेडशीट कुठवर पुरेल?

शेतकरी उत्पादक कंपनीच्या कार्यालयात पेरणीच्या तोंडावर बियाणे व खतांची विक्री सुरू झाली, की नोंदी बहुधा स्प्रेडशीटमध्ये होतात. त्यात गैर काही नाही. केंद्र शासनाने २०२० मध्ये दहा हजार शेतकरी उत्पादक संघटनांची योजना आखली, तेव्हा सपाट प्रदेशात किमान ३०० आणि डोंगराळ व ईशान्येकडील भागांत किमान १०० सभासदांची अट घातली. एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात. साहजिकच, सभासद इतके थोडे असताना डेटाबेसचा खटाटोप कशाला, असा प्रश्न संचालक मंडळाच्या बैठकीत निघतो.

ओळींच्या संख्येवरून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. एकच शेतकरी कंपनीचा भागधारक असतो, निविष्ठा केंद्राचा ग्राहक असतो आणि सुगीनंतर शेतमालाचा विक्रेताही असतो. म्हणजे त्याचे नाव तीन तक्त्यांत तीनदा लिहिले जाते; एकीकडे दत्तात्रय, दुसरीकडे दत्ता, तिसरीकडे नुसते आडनाव. मोबाइल क्रमांक बदलला तर तो एकाच तक्त्यात सुधारला जातो. वर्षअखेरीस सभासदाने कंपनीशी केलेल्या व्यवहाराच्या प्रमाणात बोनस वाटण्याची तरतूद कायद्यात आहे. त्या वेळी निम्मे सोयाबीन ‘दत्ता’च्या नावे पडले असेल, तर दत्तात्रयाचे पैसे बुडतात आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

जुन्या पेढ्यांना हे पक्के ठाऊक होते. व्यवहार कीर्दीत एकदा लिहायचा आणि खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर न्यायचा, ही त्यांची रीत. डेटाबेस हेच काम करतो: सभासदाची माहिती एका जागी, व्यवहार दुसऱ्या जागी, आणि दोहोंना जोडणारा सभासद क्रमांक. नसलेल्या क्रमांकावर उधारी टाकू गेल्यास, तसा नियम घातलेला डेटाबेस ती नोंद स्वीकारत नाही. स्प्रेडशीट मुकाट्याने स्वीकारते.

तिचा हा मुकेपणाच महागात पडतो. एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले १५ अंकच जपते. काही बँकांचे खाते क्रमांक १६ अंकी असतात. रकाना आधी ‘टेक्स्ट’ न केल्यास शेवटचा अंक शून्य होतो, आणि क्रमांकाच्या आरंभीचे शून्य तर गळूनच पडते. मोठ्या यंत्रणाही यातून सुटलेल्या नाहीत. २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडमधील सुमारे १६ हजार कोविडबाधितांच्या नोंदी दैनंदिन आकडेवारीतून सुटल्या, कारण एक्सेलच्या जुन्या स्वरूपातील फाइलीत ६५,५३६ ओळींच्या पलीकडे जागाच नव्हती.

तरीही एक केंद्र, एक लेखनिक आणि तीनेकशे सभासद असतील, तर शिस्तीची स्प्रेडशीट पुरते. प्रत्येकास कायमचा क्रमांक, एका ओळीत एकच व्यवहार, रंगांना अर्थ नाही. पिवळा रंग म्हणजे बाकी उधारी, हे रंग लावणाऱ्यालाच ठाऊक असते आणि तोच एके दिवशी नोकरी सोडतो. परंतु दोन संगणकांवर दोन माणसे लिहू लागली, ‘अंतिम’ आणि ‘अंतिम नवीन’ अशा फाइली व्हॉट्सॲपवरून फिरू लागल्या, की डेटाबेस लांबणीवर टाकणे अंगाशी येते. आधार क्रमांकांच्या याद्या अशा फिरवणे, वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाल्यानंतर तर मुळीच परवडणारे नाही.

पोस्टग्रेस्क्यूएलसारखे डेटाबेस विनामूल्य आहेत. खर्च येतो तो मांडणी करणाऱ्याचा आणि राखणाऱ्याचा. तयार सॉफ्टवेअर घेताना सर्व नोंदी हव्या तेव्हा सीएसव्ही फाइलीत उतरवून मिळतील का, हे लेखी घ्यावे. जो विक्रेता यावर चाचरतो, त्याच्याकडून काही घेऊ नये. स्थलांतराचे काम दोन हंगामांमधल्या सवडीत काढावे आणि तत्पूर्वी विस्तार कार्यकर्त्याने यादी गावात नेऊन, प्रत्येक सभासदासमोर त्याचे नाव, क्रमांक आणि बाकी वाचून दाखवावी.