गाजरगवतावरील अळीस अभय असावें

पावसाळ्यांत बांधावरच्या गाजरगवतावर पिवळसर अळ्या दिसतांच पुष्कळ शेतकरी बंधु ‘कीड पडली’ असें समजून फवारणीचा पंप हातीं घेतात. ही कृति सर्वस्वी अनिष्ट आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. ती अळी पिकाची वैरी नसून आपल्या वैऱ्याची वैरी आहे.

हें तण मूळचें अमेरिका खंडांतलें. १९५० नंतरच्या दशकांत पुण्यास त्याची नोंद झाली व पुढें तें देशभर फैलावलें. त्याचा नैसर्गिक शत्रु म्हणून मेक्सिकोंतून एक भुंगेरा १९८३ सालीं बंगलोरास आणला आणि परीक्षेअंतीं १९८४ सालीं मोकळा सोडला. पांढुरक्या पाठीवर तपकिरी रेघा असलेला हा भुंगेरा आतां अनेकांस ओळखतां येतो. त्याचें बाळपण मात्र फारसें कोणी ओळखीत नाहीं.

मादी बहुधा पानाच्या खालच्या अंगास बारीक पिवळसर अंडीं घालते. थोड्याच दिवसांत अळी निघून प्रथम शेंड्याची कोंवळीक खाते, मग पानें फस्त करते. पूर्ण वाढ होतांच ती मातींत शिरून कोष करते. अंड्यापासून भुंगेऱ्यापर्यंत सुमारें महिना लागतो. शेंडा गेला कीं फूल खुंटतें, आणि फूल नाहीं तर हजारों बियांचा विस्तारहि नाहीं. पावसाळा सरल्यावर भुंगेरे जमिनींत शिरून पुढील पावसापर्यंत निजून राहतात.

हा किडा सूर्यफूल खातो, अशी ओरड कर्नाटकांत झाली होती, हें खरें. परंतु त्या पिकावर त्याचा वंश नीट वाढत नाहीं, असें तपासाअंतीं दिसून आलें.

तथापि सर्व भार किड्यावर टाकून स्वस्थ बसणें योग्य नव्हे. कोरड्या दिवसांत त्याचें काम थांबतें. म्हणून पिकांतील गाजरगवत फुलापूर्वींच, हातांस फडकें गुंडाळून, मुळासकट उपटावें. बांधावर व गायरानांत मात्र अळी दिसेल तेथें फवारणी करूं नये. जेथें भुंगेरे नाहींत तेथें पावसाळ्याच्या आरंभीं ते वेंचून नेऊन सोडावे.

गायरान, गांवठाण, रस्त्याच्या कडा या कोणा एकाच्या खात्यावर नाहींत, म्हणून त्यांची काळजी कोणी वाहत नाहीं. बीं मात्र तेथूनच प्रत्येकाच्या शेतांत येतें. तेथें विनावेतन राबणारा हा चाकर आपल्याच हातानें मारूं नये, एवढीच आमची विनंति आहे.