चिप्स भाजा, पण मीठ मोजा

‘तळलेलं सोडलंय डॉक्टर, आता फक्त बेक्ड!’ हे वाक्य गेल्या काही वर्षांत बाह्यरुग्ण विभागात वरचेवर ऐकू येऊ लागले आहे. सांगणाऱ्याच्या स्वरात समाधान असते आणि रक्तदाबाच्या यंत्रावर आकडा मात्र तोच. बिटाचे, गाजराचे, रताळ्याचे, भेंडीचे ‘बेक्ड’ चिप्स आता दुकानात मिळतात. घरोघरी ओव्हन आणि एअर फ्रायर आल्यापासून ते घरीही होऊ लागले आहेत. ही चांगली गोष्ट आहे. पण ‘बेक्ड’ हा शब्द कानावर पडला की आपण हिशेब करायचेच सोडून देतो, आणि काळजी आहे ती याची.

मुद्दा थोडक्यात असा : तळण्याऐवजी भाजल्याने तेल कमी होते, हे खरे. मात्र मीठ, करपणे आणि खाण्याचे माप या तीन गोष्टी भाजल्याने आपोआप कमी होत नाहीत. त्या करणाऱ्याच्या हातात असतात. म्हणून तर चिप्स खायचेच असतील तर ते घरी करावेत.

आधी कुरकुरीतपणा येतो कसा, ते पाहू. बीट आणि गाजरात वजनाच्या ८७-८८ टक्के पाणी असते, पालक-भेंडीत नव्वदच्या आसपास, बटाट्यात सुमारे ८०. चिप्स कुरकुरीत व्हायचा तर हे पाणी जवळजवळ सगळे बाहेर पडावे लागते. कढईतले १७०-१८० अंश तापलेले तेल हे काम दोन-तीन मिनिटांत करते. पाण्याची वाफ होऊन ती बाहेर पडते आणि मोकळ्या झालेल्या बारीक पोकळ्यांत तेल शिरते. म्हणूनच तळलेल्या बटाटा वेफरच्या वजनात साधारण एक तृतीयांश तेल असते आणि १०० ग्रॅमला ५४० च्या आसपास कॅलरी भरतात. ओव्हनमधली गरम हवा तेलाइतक्या वेगाने उष्णता पोहोचवत नाही. तिला अर्धा तास लागतो. घाईने तापमान वाढवले, तर कडा करपतात आणि मधला भाग चामड्यासारखा चिवट राहतो. घरच्या चिप्सची बहुतेक फजिती याच घाईपायी होते.

आता हिशेब. सोलून चकत्या केलेले अर्धा किलो बीट घ्या. त्याला दोन चहाचे चमचे, म्हणजे सुमारे १० ग्रॅम तेल चोळा. भाजून झाल्यावर हातात येतात जेमतेम ८० ग्रॅम चिप्स. त्यांत कॅलरी असतात तीनशेच्या आसपास. तेवढ्याच वजनाच्या तळलेल्या वेफरमध्ये त्या सव्वाचारशेच्या वर जातात. फरक आहे आणि तो घेण्यासारखा आहे, पण चमत्कार नाही. शिवाय अर्धा किलो बीट कोशिंबीर म्हणून एका बैठकीत कुणी संपवत नाही. त्याचेच चिप्स मात्र एक माणूस मालिकेचा एक भाग संपेपर्यंत सहज फस्त करतो. पाणी गेले, पण बिटातली तीसेक ग्रॅम साखर कुठेही गेलेली नाही. मधुमेहींनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

मिठाचे गणित तर याहून कठीण. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसासाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. म्हणजे सपाट भरलेला एक चहाचा चमचासुद्धा नाही, आणि त्यात आमटी, भाजी, लोणचे, पापड, पाव सगळे आले. अर्धा किलो भाजीच्या चकत्या ताटभर दिसतात, म्हणून हात सैल सुटतो आणि अर्धा चमचा मीठ भुरभुरले जाते. भाजी आक्रसून मूठ-दोन मूठ उरते. मीठ मात्र जेवढे टाकले तेवढेच राहते. ते चिप्स एकट्याने खाल्ले, तर दिवसाच्या वाट्याचे निम्मे मीठ तिथेच संपले. वर चाट मसाला टाकला तर त्यातही मीठ असते. ‘आम्ही सैंधव वापरतो’ हे उत्तरही पुष्कळदा मिळते. सैंधव हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. रक्तदाबाच्या दृष्टीने दोन्ही सारखीच, आणि आयोडीनच्या बाबतीत सैंधव बहुधा मागेच.

तिसरी गोष्ट रंगाची. पाव, बिस्किटे, भाजलेली कॉफी यांना जो तपकिरी रंग आणि खमंग वास येतो, तो अमिनो आम्ले आणि साखर यांच्या एका अभिक्रियेमुळे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामी मायार यांनी १९१२ मध्ये तिचे वर्णन केले. याच अभिक्रियेत १२० अंशांच्या वर, पाणी कमी झाल्यावर, ॲस्पॅराजिन हे अमिनो आम्ल आणि ग्लुकोजसारखी साखर यांच्यापासून ॲक्रिलामाइड नावाचे रसायन तयार होते. ते रोजच्या खाण्यात असते, हे २००२ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवून दिले. प्राण्यांवरील प्रयोगांत मोठ्या मात्रेत दिल्यावर त्याने कर्करोग होतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला १९९४ पासूनच ‘मानवात कर्करोगकारक असण्याची शक्यता’ असलेल्या गटात ठेवले आहे. आहारातून पोटात जाणाऱ्या मात्रेने माणसाला नक्की किती अपाय होतो, याबद्दल मात्र मानवी अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. तेव्हा घाबरून जाण्याचे कारण नाही, पण मुद्दाम वाढवून खाण्याचेही नाही. मुलांचे वजन कमी असल्याने त्याच चिप्समधून त्यांच्या वाट्याला येणारी मात्रा किलोमागे जास्त ठरते.

अनेकांना न पटणारी बाब पुढेच आहे. भाजीचे चिप्स म्हणजे ॲक्रिलामाइड नाही, असे नसते. बीट, गाजर, रताळे यांत साखर भरपूर असते. युरोपातल्या तपासण्यांत भाज्यांच्या चिप्समध्ये हे रसायन बटाट्याच्या चिप्सइतके, कधी त्याहून जास्तही आढळले आहे. ओव्हन असो की एअर फ्रायर, करपवले की ते वाढणारच. एअर फ्रायर म्हणजे तरी काय, पंखा लावलेला छोटा ओव्हन. तो १८० वर ठेवून विसरला, तर तेल वाचवून मिळवलेले निम्मे पुण्य गेले असे समजा.

मग करावे कसे? चकत्या दीड मिलिमीटरच्या आसपास आणि मुख्य म्हणजे एकसारख्या जाडीच्या हव्यात. सुरीपेक्षा वेफरची किसणी बरी. बटाट्याच्या चकत्या अर्धा तास गार पाण्यात ठेवून ते पाणी फेकावे. वरचा स्टार्च आणि थोडी साखर निघून जाते, रंग कमी चढतो आणि ॲक्रिलामाइडही कमी होते. बीट, गाजर भिजवू नये. कोणतीही भाजी स्वच्छ सुती पंचावर पसरून खरोखर कोरडी करावी. अर्धा किलोला दोन चमचे तेल हाताने चोळावे. ट्रेमध्ये चकत्या एकमेकींवर चढू देऊ नयेत, नाहीतर त्या भाजण्याऐवजी वाफवल्या जातात.

ओव्हन १३० ते १४० अंशांवर ठेवावा. जाडीप्रमाणे २५ ते ४० मिनिटे लागतात. निम्म्या वेळाने चकत्या उलटाव्यात आणि क्षणभर दार उघडून कोंडलेली वाफ जाऊ द्यावी. चकतीत पाणी आहे तोवर तिचे तापमान शंभराच्या आसपासच राहते. पाणी संपले की ते झरझर वाढते. म्हणून धोका शेवटच्या पाच मिनिटांत असतो, आणि त्या पाच मिनिटांत ओव्हनसमोरून हलू नये. कडा वळल्या आणि रंग मूळचाच असला की बाहेर काढावे. किंचित मऊ वाटले तरी गार होताना ते कुरकुरीत होतात. पालकाच्या पानांना दहा-पंधरा मिनिटे पुरतात. भेंडीच्या उभ्या चिरून चार फोडी कराव्यात. कारल्याच्या बिया काढाव्यात, आणि मीठ लावून पिळून घेतले असेल तर नंतर पुन्हा मीठ घालू नये.

मीठ नेहमी सर्वांत शेवटी, बारीक करून, चिमटीने. चव जिभेला आधी वरच्या मिठाची लागते, त्यामुळे थोडे पुरते. चहाच्या चमच्याचा एक अष्टमांश एवढे अर्धा किलो भाजीला बस्स. बाकी काम आमचूर, जिरेपूड, मिरपूड, लाल तिखट यांच्याकडून करून घ्यावे. लिंबू खाताना वेगळे घ्यावे, आधी पिळले तर सगळे मऊ पडते. घरचे चिप्स डब्यात दुसऱ्या दिवशी सादळतात म्हणून हिरमुसू नये. बाजारातल्या पाकिटांत नायट्रोजन भरलेला असतो, आपल्या डब्यात पावसाळी हवा. आज खायचे तेवढेच आज करावेत. माप राखायला याहून सोपा उपाय नाही.

ज्यांच्याकडे ओव्हन नाही, त्यांनी मागे पडल्यासारखे वाटून घेऊ नये. सरकारी रुग्णालयात येणाऱ्या बहुसंख्य घरांत तो नसतो, आणि आपल्याकडे त्याची वाट कुणी पाहिलीही नव्हती. उन्हाळ्यात गच्चीवर, अंगणात वाळवण घालणाऱ्या बायकांना पाणी काढण्याचे हे शास्त्र चांगले ठाऊक होते. गवारीच्या शेंगा, कारल्याच्या काचऱ्या, बटाट्याचा कीस, सांडगी मिरची हे सारे उन्हात, म्हणजे ॲक्रिलामाइड तयारच होणार नाही अशा तापमानात वाळत असे. अडचण एवढीच, की नंतर ते कढईत तळले जात असे आणि खारवलेले असे. त्यातला पहिला अर्धा भाग घ्या, दुसरा बदला. पातळ चकत्या वरून झिरझिरीत कापड बांधून कडक उन्हात दोन दिवस बिनमिठाच्या वाळवा. मग जाड तव्यावर अगदी मंद आचेवर, चमचाभर तेलात परता. ओव्हनइतकेच काम होते. दमट हवेत मात्र हा खटाटोप करू नये, बुरशी धरते.

काही जणांनी जपून राहावे. मूत्रपिंडाच्या रुग्णांना आम्ही भाजी उकडून पाणी फेकायला सांगतो, ते पोटॅशियम कमी व्हावे म्हणून. चिप्समध्ये ते सगळे आत राहते आणि पाणी गेल्याने मूठभरात दाटते. त्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय हे खाऊ नयेत, आणि ‘कमी सोडियमचे’ पोटॅशियमयुक्त मीठही वापरू नये. ज्यांना ऑक्झलेटचे मुतखडे होतात, त्यांनी पालक आणि बिटाचे चिप्स टाळावेत. वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालकाचे प्रमाण अचानक वाढवू नये, कारण त्यातले के जीवनसत्त्व औषधाचा परिणाम कमी करते. चार वर्षांखालच्या मुलांच्या हाती कडक चिप्स देऊ नयेत, घशात अडकण्याचा धोका असतो. आणि बिटाचे चिप्स खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी लघवी किंवा शौच लालसर दिसली, तर आधी काल काय खाल्ले ते आठवावे. दोन दिवसांनीही रंग तसाच राहिला तर मात्र तपासून घ्यावे.

विकतचे घ्यावेच लागले, तर पाकिटाची पाठ वाचा. दर १०० ग्रॅममध्ये सोडियम किती, तो आकडा अडीचने गुणा, म्हणजे मीठ कळते. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. हा गुणाकार प्रत्येक ग्राहकाने दुकानात उभे राहून करावा, ही अपेक्षाच मुळात अन्यायाची आहे. ‘बेक्ड’ हा शब्द पुढे ठळक छापता येतो, तर मीठ, साखर आणि चरबी जास्त असल्याची सूचनाही त्याच बाजूला, तेवढ्याच ठळक अक्षरांत आणि मराठीतही हवी. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने पुढच्या बाजूच्या माहितीसाठी २०२२ मध्ये तारांकनाचा मसुदा जाहीर केला होता. पण तारे कौतुक करतात, सावध करत नाहीत. रुग्णाला गरज आहे ती इशाऱ्याची.

आणि शेवटचे, भाजीबद्दल. दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाज्या आणि फळे खावीत असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ही चारशेची भर चिप्सने घालू नये. लांबलेल्या उष्णतेने क जीवनसत्त्व आणि फोलेट बरेच नष्ट होतात. शिवाय पोट भरल्याची जाणीव देणारे पाणी त्यांत नसते. चिप्स हा वेफरला पर्याय आहे, भाजीला नव्हे. मुलाच्या डब्यात ते पोळी-भाजीच्या शेजारी चार-सहा असावेत, भाजीच्या जागी नसावेत. रविवारी सगळ्यांनी मिळून चकत्या कराव्यात, बशीत वाढून घ्यावे, आणि मिठाचा डबा जेवणाच्या टेबलावरून उचलून पुन्हा ओट्यावर ठेवावा.