ताकदीच्या इंजेक्शनाआधी साखर तपासा

एप्रिल २०२१ च्या पहिल्या आठवड्यात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कोरोनाचे सर्वाधिक सक्रिय रुग्ण असलेल्या १० जिल्ह्यांची यादी दिली. त्यात महाराष्ट्रातलेच ७ जिल्हे होते, जोडीला बंगळूर आणि दिल्ली. दहावे नाव छत्तीसगडच्या दुर्गचे, म्हणजे भिलाईच्या जिल्ह्याचे. ६ एप्रिलपासून दुर्ग जिल्हा कडकडीत बंद झाला. भिलाईचा पोलाद कारखाना बाहेरच्या राज्यांनाही द्रवरूप प्राणवायू पुरवत होता, आणि हुडको वसाहतीपासून सेक्टर ९ च्या रुग्णालयापर्यंत त्याच गावची माणसे खाटेसाठी धावाधाव करत होती.

या साथीत पुरुष जास्त गेले. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्राने सांगितले होते की देशातल्या कोरोना मृत्यूंपैकी ७० टक्के पुरुषांचे आहेत. कारणे शोधायला लांब जायला नको होते: तंबाखू, बाहेरची वर्दळ, आणि "काही होत नाही मला" म्हणत अंगावर काढलेला ताप. बायकांच्या तपासण्याच कमी झाल्या असतील, ही शंकाही रास्त होती. तरी जगभर हाच कल दिसल्यावर शास्त्रज्ञांची नजर संप्रेरकांकडे वळली.

पहिला संशय टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकावरच आला. विषाणूला पेशीत शिरायला टीएमपीआरएसएस-२ हे प्रथिन मदत करते आणि पुरुषी संप्रेरकांमुळे त्याचे जनुक जागे होते. मग संप्रेरक दाबले तर आजार आटोक्यात येईल, असा तर्क निघाला. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत ९६ रुग्णांवर तसा प्रयोगही झाला. फायदा शून्य.

मग सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातून उलटीच बातमी आली. मे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ९० पुरुष आणि ६२ स्त्रिया होत्या. रक्तात दर डेसिलिटरला २५० नॅनोग्रॅम किंवा त्याहून कमी टेस्टोस्टेरॉन असले, तर ते कमी धरले जाते. रुग्णालयात दाखल होताना सौम्य आजारी पुरुषांत ते साधारण १५१ होते, गंभीर पुरुषांत अवघे ५३, आणि तिसऱ्या दिवशी १९. स्त्रियांमध्ये असा संबंध आढळला नाही.

हे आकडे वाचून कोणी औषधाच्या दुकानाकडे निघण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पगार थकला की घरात आधी सणावाराच्या खर्चाला कात्री लागते. जिवावरच्या आजारात शरीरही प्रजननाच्या कामाला तशीच कात्री लावते. म्हणजे घसरलेले टेस्टोस्टेरॉन हा गंभीर आजाराचा परिणामही असू शकतो. त्याच गटाने २०२२ मध्ये ७२३ पुरुषांची माहिती तपासली, तेव्हा टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्यांना रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याची शक्यता २.४ पट निघाली. उपचाराने पातळी सामान्य राखलेल्यांत हा वाढीव धोका दिसला नाही. पण ही जुन्या नोंदींची छाननी होती. औषध देऊन केलेली चाचणी नव्हे.

बाजाराला एवढा धीर कुठला? भिंतींवर 'खोई हुई ताकत' परत मिळवून देणारे जुने वैद्य आता मोबाइलवर आले आहेत, कॅप्सूल आणि इंजेक्शने घेऊन. ती विकणारा सहसा सांगत नाही की बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतले की शरीराची स्वतःची निर्मिती मंदावते आणि शुक्राणू घटतात. रक्त घट्ट होऊ शकते, प्रोस्टेटवर लक्ष ठेवावे लागते. मूल हवे असलेल्या तरुणाने तर हा नाद करूच नये. मुंबईच्या जसलोक रुग्णालयाने आणि आयआयटी मुंबईने २०२२ मध्ये कोरोनातून बऱ्या झालेल्या १७ पुरुषांची १० निरोगी पुरुषांशी तुलना केली. बऱ्या झालेल्यांत शुक्राणूंची संख्या कमी आणि वीर्यातल्या प्रथिनांत फरक आढळला. नमुना लहानच होता, पण आजारातून उठलेल्या शरीरावर आणखी एक प्रयोग लादू नये एवढे सांगायला तो पुरेसा आहे.

टेस्टोस्टेरॉन कमी असण्यामागे बऱ्याचदा सुटलेले पोट आणि मधुमेह असतो, आणि कोरोनात हेच दोघे फुप्फुसावरही उलटले. त्यामुळे चाळिशी ओलांडलेल्या पुरुषाने, मग तो नागपूरचा असो की भिलाईत स्थायिक झालेला, आधी रक्तातली साखर पाहावी, कंबर मोजावी, तंबाखू थुंकून टाकावा. तापात धाप लागली तर घरी थांबू नये. खरोखरच थकवा, इच्छा मंदावणे अशी लक्षणे असतील तर एंडोक्रिनॉलॉजिस्टला, म्हणजे संप्रेरकांच्या डॉक्टरला, गाठावे, तेही आजारातून पूर्ण सावरल्यावर. आणि इंजेक्शन सुचवणाऱ्या कोणालाही आधी विचारावे: तपासणी सकाळी, उपाशीपोटी, वेगवेगळ्या दिवशी दोनदा झाली आहे का? उत्तर 'नाही' आले तर पाकीट खिशातच ठेवा.