न सांगितलेला दोष

वापरलेल्या मोटारींच्या विक्रीतून उद्भवणाऱ्या तक्रारी ढोबळमानाने दोन प्रकारच्या असतात: गाडीच्या आणि कागदांच्या. पहिल्या प्रकारात इंजिन, गिअरबॉक्स, बॉडी आणि मीटर येतात. दुसऱ्यात आरसी, कर्जाचा बोजा, चलने आणि विमा. ग्राहक हा भेद करत नाही. त्याच्या लेखी एकाच दुकानात, एकाच माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवून तो फसलेला असतो. गाडी जुनी निघाली म्हणून सहसा कोणी भांडत नाही. आठ वर्षे चाललेल्या गाडीचा क्लच कधीतरी जाणारच, हे घेणाऱ्यालाही समजते. विकणाऱ्याला जे ठाऊक होते ते त्याने सांगितले नाही, या कारणाने वाद पेटतो.

या व्यवसायातल्या अविश्वासाची मीमांसा अर्थशास्त्रात पन्नास वर्षांपूर्वीच झाली आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधाचे मुख्य उदाहरणच जुन्या मोटारींच्या बाजाराचे होते. विकणाऱ्याला गाडीची खरी स्थिती माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा प्रत्येक गाडी सरासरी, किंबहुना वाईटच असणार असे धरून भाव पाडतो. त्या भावात चांगली गाडी विकणे परवडत नाही, ती बाजारातून निघून जाते आणि उरलेल्या मालाची सरासरी आणखी खाली येते. याच विचारासाठी त्यांना २००१ चे नोबेल पारितोषिक दोघांसमवेत मिळाले. पुणे-नाशिकच्या रस्त्यालगत गाड्या लावून बसलेल्या विक्रेत्याला हा निबंध वाचायची गरज नाही. ‘सगळे डीलर सारखेच’ हे वाक्य त्याने रोज ऐकलेले असते आणि त्याची किंमत त्याने प्रत्येक सौद्यात मोजलेली असते.

गाडी दुकानात येते तेव्हा तिची तपासणी होतेच. शोरूममध्ये नव्या गाडीच्या बदल्यात आलेली असो, बँकेच्या लिलावातली असो वा थेट मालकाकडून घेतलेली असो, विक्रेत्याचा जाणकार माणूस तिच्याभोवती फिरतो, बॉनेट उघडतो, खाली वाकतो, चालवून पाहतो. उजवा दरवाजा रंगवलेला आहे, टायर दोनच चालतील, सस्पेन्शनचा आवाज आहे, असा एकेक दोष मालकाला दाखवून भाव खाली आणला जातो. पंधरा दिवसांनी तीच गाडी पॉलिश होऊन विक्रीला उभी राहते, तेव्हा तो दरवाजा कंपनीच्या रंगाचा झालेला असतो आणि आवाज ‘रस्त्यामुळे’ येत असतो. खरेदीच्या वेळी शोधलेले दोष विक्रीच्या वेळी विसरले जातात. धंद्यातल्या बहुतेक वाईट व्यवहारांचे मूळ इथे आहे, आणि उपायही इथेच आहे. खरेदीचा तपासणी-तक्ता व त्यानंतर केलेल्या कामांची यादी सही करून ग्राहकाच्या हाती दिली, तर पुढे वर्णन केलेल्या तक्रारींपैकी निम्म्याहून अधिक उभ्याच राहणार नाहीत.

सर्वांत जास्त बोलबाला मीटरचा होतो. डिजिटल मीटरमधला आकडा एका छोट्या मेमरी चिपमध्ये असतो आणि तो बदलण्याची साधने बाजारात सहज मिळतात. जुन्या यांत्रिक मीटरमध्ये आकड्यांची चाके वाकडी बसत, त्यावरून चोरी कळे. डिजिटलमध्ये तेवढीही खूण राहत नाही. अमेरिकेत मीटर मागे फिरवण्याविरुद्ध १९७२ पासून संघीय कायदा आहे. बेल्जियममध्ये २००६ पासून गाडी विकताना मीटरच्या आकड्यांचा इतिहास सांगणारा कागद द्यावाच लागतो. भारतात मोटार वाहन कायद्यात मीटर मागे घेण्यासाठी स्वतंत्र कलम नाही, प्रकरण फसवणुकीच्या सर्वसाधारण कलमावर जाते, म्हणजे आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ वर. म्हणून खातरजमा व्यवसायालाच करावी लागते. अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या नोंदींत प्रत्येक भेटीचा आकडा असतो, विम्याच्या दाव्यात सर्व्हेअर तो लिहितो, अनेक गाड्यांत मीटरखेरीज दुसऱ्या कंट्रोल युनिटमध्येही अंतर साठवलेले असते. ४० हजार किलोमीटर दाखवणाऱ्या गाडीचा ब्रेक पेडलचा रबर गुळगुळीत झालेला असेल, ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड बसलेली असेल आणि स्टिअरिंगचे कातडे चकचकीत असेल, तर आकड्यापेक्षा पेडलवर विश्वास ठेवावा. टायरवरचे शेवटचे चार अंकही उपयोगी पडतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. २०२१ च्या, २५ हजार चाललेल्या म्हणून दाखवल्या जाणाऱ्या गाडीवर २०२४ चे चार टायर कसे, याला विक्रेत्याकडे उत्तर हवे. मूळ नोंदी मिळत नसतील, तर पावतीवर ‘मीटरप्रमाणे, पडताळणी झालेली नाही’ असे लिहिण्यात काहीही कमीपणा नाही.

मीटरपेक्षा कमी चर्चेत असलेली, पण गॅरेजवाल्यांना चांगली माहीत असलेली एक युक्ती आहे. इंजिनचा पिवळा दिवा लागतो. ग्राहक येण्याआधी स्कॅनर लावून कोड पुसला की दिवा विझतो. दुरुस्ती झालेली नसते, म्हणून चार-सहा दिवसांत किंवा शे-दोनशे किलोमीटरनंतर तो पुन्हा लागतो, आणि तोवर गाडी ग्राहकाच्या दारात असते. तोच स्कॅनर ही लबाडी उघडीही पाडतो. कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, हा आकडा बहुतेक अलीकडच्या गाड्यांत वाचता येतो. शिवाय कोड पुसले की गाडीच्या अंतर्गत स्वयंचाचण्याही शून्यावर येतात आणि त्या पूर्ण होण्यासाठी गाडी वेगवेगळ्या वेगांत काही काळ चालावी लागते. दिवा बंद, पण चाचण्या अपूर्ण आणि अंतर केवळ १२ किलोमीटर, असे चित्र दिसले तर त्याच सकाळी कोणीतरी कोड पुसला आहे, एवढे नक्की. ग्राहकाच्या वतीने गाडी पाहायला जाणाऱ्या मेकॅनिकने ‘कोड नाहीत’ एवढेच लिहून देणे ही अर्धीच तपासणी झाली.

अपघाताच्या दुरुस्तीबद्दल फार लिहायला नको. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडीचा असतो, पुट्टी असेल तिथे जाडी कितीतरी पट भरते. बॉनेट व फेंडरच्या बोल्टांवरचा रंग उडालेला असेल, एप्रनवर कारखान्याच्या स्पॉट वेल्डच्या जागी गॅस वेल्डचा ओबडधोबड ओघळ असेल, एकाच काचेवर वेगळे वर्ष असेल, तर पुढचे सांगावे लागत नाही. बंपर किंवा दरवाजा रंगवलेला असणे हा दोषच नव्हे. आपल्या शहरांत पाच वर्षे ओरखड्याविना काढलेली गाडी हीच संशयाची बाब ठरावी. पण पिलर कापून जोडलेला असेल किंवा एअरबॅग उडून गेल्यावर त्याजागी नुसते कव्हर बसवलेले असेल, तर तो जिवाशी खेळ आहे आणि तो लपवणारा माणूस विक्रेता म्हणवून घेण्यास पात्र नाही.

पुरात बुडालेली गाडी हे महाराष्ट्राचे खास दुखणे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेले. दुरुस्तीचा खर्च विमा मूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी पूर्ण नुकसानीत काढते आणि सांगाडा लिलावात जातो. आरसी रद्द झालेली नसेल, तर तोच सांगाडा धुऊन, वाळवून, सुगंधी फवारा मारून काही महिन्यांनी दुसऱ्या जिल्ह्यात विक्रीला उभा राहू शकतो. अशी गाडी उन्हाळ्यात बिनतक्रार चालते. वायरिंगच्या कनेक्टरमधला हिरवा गंज हळूहळू वाढतो आणि पुढच्या पावसाळ्यात पॉवर विंडो, एबीएस, सेंट्रल लॉक एकेक करून दगा देऊ लागतात. ओळखण्यासाठी सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढावा. धुणाऱ्याने वरचा पट्टा धुतलेला असतो, आत गुंडाळलेल्या शेवटच्या भागावर मातकट रेघ राहिलेली असते. सीटच्या रुळांवरचे बोल्ट, डॅशबोर्डखालचे लोखंडी कंस, स्टेपनीच्या खड्ड्याचे कोपरे आणि कार्पेटखालचा फोम इथे गाळ सापडतो. विम्याच्या दाव्यांचा इतिहास मालकाकडून आधीच मागवला, तर बोटे गाळात घालण्याची वेळही येत नाही.

कागदांच्या तक्रारी कमी नाट्यमय, पण अधिक महाग. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे त्याच राज्यातल्या गाडीसाठी विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतराची माहिती आरटीओला द्यायची असते. प्रत्यक्षात नमुना २९ आणि ३० वर मालकाच्या कोऱ्या सह्या घेऊन ठेवायच्या आणि गिऱ्हाईक मिळेल तेव्हा नाव घालायचे, ही रीत पडली. मधल्या काळात गाडी तीन हातांतून फिरली तरी आरसीवर पहिलेच नाव. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात गाडी ज्याच्या नावावर नोंदलेली आहे तोच मालक धरला आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर ठेवली, गाडी त्याने केव्हाच विकलेली असली तरी.

यावरचा उपाय १ एप्रिल २०२३ पासून नियमांत आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील दुरुस्तीने जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला नोंदणी प्राधिकरणाकडून पाच वर्षांचे अधिकारपत्र घ्यावे लागते. मालकाने गाडी ताब्यात दिल्याची सूचना नमुना २९-सी मध्ये ऑनलाइन गेली की विक्रेता मानीव मालक होतो. त्या काळातली जबाबदारी त्याची आणि हस्तांतर, दुय्यम आरसी किंवा ना-हरकत दाखल्यासाठी अर्ज करण्याचा अधिकारही त्याचाच. गाडी चाचणी, दुरुस्ती, रंगकाम, तपासणी वा प्रदर्शन एवढ्याच कारणांसाठी बाहेर काढता येते आणि प्रत्येक फेरीची नोंद इलेक्ट्रॉनिक रजिस्टरमध्ये ठेवायची असते. दुकानातली गाडी घरच्या लग्नाला नेणाऱ्यांना हे जाचक वाटते. पण कोऱ्या सह्यांच्या फायलीपेक्षा हे ओझे हलके आहे, आणि अधिकारपत्राचा क्रमांक पाटीवर लावणारा विक्रेता ग्राहकाच्या नजरेत आपोआप वेगळा ठरतो.

आरसीवर बोजा असेल, तर कलम ५१ प्रमाणे कर्ज देणाऱ्या संस्थेच्या लेखी संमतीशिवाय नाव बदलत नाही. ‘कर्ज फिटले आहे, एनओसी येतेच आहे’ या शब्दावर पूर्ण रक्कम घेणे म्हणजे तक्रारीला आमंत्रण. बँकेचा दाखला आणि नमुना ३५ हातात येईपर्यंत विक्रेत्याने टोकनच्या पुढे जाऊ नये. परराज्यातल्या गाडीत आणखी गुंता असतो. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर २०१५ मध्ये हरित लवादाने आणलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम ठेवली, तेव्हापासून तिकडच्या स्वस्त डिझेल गाड्यांचे आकर्षण वाढले. इथला रस्ता कर आणि नव्या नोंदणीचा खर्च विक्रीच्या भावात धरला आहे की ग्राहकाच्या माथी आहे, हे सौद्याआधी आकड्यात सांगायला हवे. बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी दुसऱ्या राज्यात ठेवली तर नवा क्रमांक घ्यावाच लागतो.

विम्याबाबतचा गैरसमज ग्राहकाइतकाच विक्रेत्यांतही आढळतो. मालकी बदलली की तृतीय पक्षाचे संरक्षण नव्या मालकाकडे जाते, पण पॉलिसीत नाव बदलण्यासाठी १४ दिवसांत अर्ज करायचा असतो. तो केला नाही आणि गाडी ठोकली, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळला जाऊ शकतो. नो-क्लेम बोनस तर गाडीचा नसतोच, तो जुन्या मालकाचा असतो. ‘५० टक्के बोनसवाली पॉलिसी चालू आहे’ हे विक्रीचे आमिष म्हणून सांगणे सरळ चूक आहे.

तोंडी हमीबद्दल एवढेच की, ‘सहा महिने इंजिन-गिअरबॉक्स आमच्याकडे’ हे वाक्य लिहून दिले नाही तर त्यात टर्बो, इंजेक्टर, क्लच येतात की नाही यावर दोन्ही बाजू प्रामाणिकपणेही भांडू शकतात. बिलाचेही तसेच. डिसेंबर २०२४ मधील जीएसटी परिषदेच्या निर्णयानंतर नोंदणीकृत विक्रेत्याच्या सर्व जुन्या गाड्यांवर १८ टक्के दर आहे आणि तो पूर्ण किमतीवर नसून नफ्याच्या फरकावर आहे. त्यामुळे कर वाचवण्यासाठी कच्ची पावती देण्याचे कारणही फारसे उरत नाही.

वाद आयोगापर्यंत गेला, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असल्यास तो जिल्हा आयोगात चालतो. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत ती दाखल करायची असते. टॅक्सी व्यवसायासाठी गाडी घेणारा स्वतःच्या उपजीविकेसाठी ती चालवत असेल तर तोही ग्राहक ठरतो. आयोग दोष दूर करायला, पैसे परत करायला आणि भरपाई द्यायला सांगू शकतो, गरज पडल्यास तज्ज्ञ तपासणीही मागवतो. विक्रेत्याचा नेहमीचा बचाव ‘ग्राहकाने गाडी पाहून घेतली’ हा असतो. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या कलम १६ मध्ये त्याला जागा आहे, पण मर्यादित: ग्राहकाने केलेल्या तपासणीत जे दोष दिसायलाच हवे होते, तेवढ्यांपुरतीच. पुसलेला कोड आणि सीटबेल्टच्या आतली रेघ त्यात बसवणे अवघड. विक्रेत्याने सही करून दिलेल्या तक्त्यात जो दोष लिहिलेला आहे आणि ज्याखाली ग्राहकाचीही सही आहे, तो मात्र पुढे तक्रारीचा विषय करणे ग्राहकाला जवळपास अशक्य होते.