माझ्या मशीनवर तर चालतंय!

शुक्रवारी रात्री साडेअकरा. औंधच्या आमच्या फ्लॅटवर पिझ्झा गार झालेला आणि रूममेट लॅपटॉपसमोर रडकुंडीला आलेली. प्रोबेशनचा शेवटचा महिना, सोमवारी क्लायंट डेमो, आणि बिल्ड फेल! तिच्या मॅकवर सगळं झक्कास. ऑफिसच्या लिनक्स सर्व्हरचं मात्र एकच पालुपद : फाइल सापडत नाही. ‘‘अगं, ही काय समोर दिसतेय!’’ स्क्रीनवर बोट आपटत ती म्हणाली. त्यात सिनियरचा मेसेज, ‘नीट टेस्ट करत जा.’ झालं! मॅडमनी मनातल्या मनात राजीनामा लिहायला घेतला.

मी पडले पत्रकार, कोडमधलं मला शून्य कळतं. पण दोन साक्षीदार वेगवेगळं सांगत असतील तर दोघांना तोच प्रश्न विचारायचा, एवढं आम्हाला शिकवलंय. तिने तेच केलं. नोडचं व्हर्जन दोन्हीकडे सेम. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स सेम. मग तिने गिटलाच विचारलं, बाबा रे, तुझ्याकडे या फाइलचं नाव काय? कमांड, ‘गिट एलएस-फाइल्स’.

चोर सापडला! दुपारी तिने फाइलच्या नावातला कॅपिटल ‘आय’ स्मॉल केला होता, कोडमध्येही. मॅकला (विंडोजलाही) सहसा दोन्ही एकच वाटतात, त्यामुळे तिथल्या गिटला नावातला बदल दिसलाच नाही. सर्व्हरवर कोड गेला नवा, फाइलचं नाव राहिलं जुनंच. आणि लिनक्स तर अक्षराला अक्षर जुळवून बघतो. आपल्या देवनागरीत ही भानगडच नाही, बघा! ‘गिट एमव्ही’ने नाव बदललं, पुन्हा पुश... बारा वाजून दहा मिनिटांनी हिरवी टिक.

असे छुपे फरक बरेच. विंडोजमध्ये ओळ दोन अदृश्य चिन्हांनी संपते, लिनक्समध्ये एकाने. तेवढ्यावरूनही स्क्रिप्ट अडून बसते. २०१३ मध्ये डॉकर आलं, प्रोग्रॅमला लागणारं सगळं सामान एका डब्यात भरून द्यायची सोय झाली आणि पुष्कळ भांडणं मिटली. सगळी नाही हं! २०२० मध्ये अ‍ॅपलचे एम१ मॅक आले, आणि इंटेलसाठी भरलेले डबे तिथे कुरकुरायला लागले.

तिने सिनियरला मेल टाकला : कारण आणि कमांड, दोनच ओळी. सुरुवातीला ‘सॉरी’ होतं, ते मी खोडायला लावलं.

सकाळी उत्तर आलं. ‘अगं, दोन महिन्यांपूर्वी माझंही सेम झालं होतं. सांगायचं राहूनच गेलं.’