केरीच्या ३९ विजयांतील एक

२०२५ च्या जुलै महिन्याच्या २७ तारखेस डब्लिन येथील क्रोक पार्क या विस्तीर्ण क्रीडांगणावर केरीच्या गेलिक फुटबॉल संघाने डॉनेगॉलच्या संघास दहा गुणांनी पराभूत करून अखिल आयर्लंड अजिंक्यपद ३९ व्या वेळी आपल्या नावावर नोंदविले, आणि दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या डब्लिनशी, ज्याची अजिंक्यपदे ३१ आहेत, असलेले आपले अंतर आणखी थोडे वाढविले. डब्लिनची लोकसंख्या चौदा लाखांहून अधिक, केरीची जेमतेम दीड लाख. एवढे एकच प्रमाण ध्यानात घेतले, तरी देशाच्या नैर्ऋत्य टोकास अटलांटिकच्या वाऱ्यापावसात वसलेल्या या डोंगराळ, खडकाळ आणि पिढ्यान्‌पिढ्या आपली तरुण माणसे परदेशी धाडीत आलेल्या मुलखाचे कर्तृत्व किती असामान्य आहे, हे निराळे सांगावयास नको. तथापि विजयांची मोजदाद हेच केरीच्या इतिहासाचे सार आहे असे जे सर्रास मानले जाते, ते मला मान्य नाही. त्या ३९ विजयांत एक विजय असा आहे की, उरलेले ३८ एका पारड्यात घातले तरी मी त्याचेच पारडे जड मानीन. आणि तो ना सर्वांत मोठा आहे, ना सर्वांत प्रेक्षणीय.

हा खेळ आपल्याकडे फारसा परिचित नसल्यामुळे त्याची थोडी ओळख करून देणे प्राप्त आहे. प्रत्येक बाजूस १५ गडी असतात. चेंडू हाताने झेलता येतो, मुठीने टोलविता येतो आणि पायाने लाथाडता येतो. इंग्रजी ‘एच’ अक्षराच्या आकाराच्या खांबांमध्ये आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण, आणि दांडीवरून गेला तर एक गुण. दूरवरून मारलेल्या फटक्यास दोन गुण देण्याची नवी तरतूद अगदी अलीकडची, २०२५ सालची. या खेळाची सर्व व्यवस्था १८८४ साली थर्ल्स गावी स्थापन झालेल्या गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशनच्या हाती आहे, आणि तिची घटना काउंटी या घटकावर, म्हणजे आपल्या समजुतीप्रमाणे जिल्ह्यावर, उभी आहे. गावातील मुलगा गावाच्या क्लबाकडून खेळतो, त्यांतला गुणी मुलगा काउंटीकडून खेळतो, आणि या खेळाबद्दल त्यास वेतन म्हणून एक छदामही मिळत नाही. अंतिम सामन्यात ८२,००० प्रेक्षकांसमोर खेळलेला गडी एरवी शाळेत मुलांना शिकवीत असतो किंवा बँकेच्या दप्तरात डोके खुपसून बसलेला असतो.

केरीचे पहिले अजिंक्यपद १९०३ सालच्या स्पर्धेचे. किल्डेअरशी तीनदा सामना खेळावा लागला तेव्हा कुठे ते पदरात पडले, आणि हा सोहळा पार पडेपर्यंत १९०५ साल उजाडले होते, कारण त्या काळी स्पर्धेचे वर्ष आणि पंचांगाचे वर्ष यांचा परस्परांशी फारसा संबंध नसे. पुढे १९१० साली रेल्वे कंपनीने सवलतीच्या दराची तिकिटे नाकारली म्हणून केरीने अंतिम सामन्यास जाण्याचेच साफ नाकारले, आणि अजिंक्यपद न खेळताच लाउथ काउंटीस बहाल करण्यात आले. रेल्वेच्या भाड्यापायी अजिंक्यपदावर पाणी सोडणारा हा करारी, किंचित हेकट स्वभाव केरीच्या इतिहासात पुन्हा पुन्हा डोके वर काढतो, आणि खरे सांगावयाचे तर त्यामुळेच मला हा संघ प्रिय आहे.

१९१३ व १९१४ या दोन्ही वर्षी केरीचा कर्णधार असलेला किलार्नीचा डिक फिट्झजेराल्ड याने या खेळाच्या तंत्रावर १९१४ साली एक स्वतंत्र पुस्तकही लिहिले. पण पुढील दोनच वर्षांत तो वेल्समधील फ्राँगॉक येथील कैद्यांच्या छावणीत जाऊन पडला. १९१६ च्या एप्रिल महिन्यात डब्लिन शहरात इंग्रजी राजवटीविरुद्ध उठाव झाला होता व त्यानंतरच्या धरपकडीत तोही सापडला होता; आणि त्याच महिन्यात लोकमान्यांनी बेळगाव येथे होमरूल लीगची स्थापना करताना जे नाव स्वीकारले, ते आयर्लंडच्याच राजकारणातून आलेले होते. फ्राँगॉकच्या छावणीतही कैदी फुटबॉल खेळत. राजकारण आणि खेळ यांची केरीत कधी फारकत झालीच नाही. ती व्हावयास हवी होती असे म्हणणाऱ्यांनी त्या मुलखाची त्या वेळची परिस्थिती एकवार पाहावी.

डिसेंबर १९२१ मध्ये स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या आयरिश पुढाऱ्यांचा इंग्रज सरकारशी तह झाला, आणि काल-परवापर्यंत खांद्यास खांदा लावून लढलेली माणसे त्या तहाच्या कलमांवरून दुभंगली. तह स्वीकारून राज्यकारभार हाती घेणारे फ्री स्टेटचे, म्हणजे तहातून निर्माण झालेल्या नव्या राज्याचे, पक्षपाती एका बाजूस, आणि इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घेण्यास नकार देणारे प्रजासत्ताकवादी दुसऱ्या बाजूस, अशी यादवी जून १९२२ मध्ये पेटली ती मे १९२३ पर्यंत धगधगत राहिली. आणि तिचे सर्वांत कराल रूप प्रकट झाले ते केरीत. ६ मार्च १९२३ रोजी नॉकनागॉशेल येथे प्रजासत्ताकवाद्यांनी पेरलेल्या सुरुंगाने फ्री स्टेटचे पाच सैनिक ठार झाले. त्याचा सूड म्हणून दुसऱ्याच दिवशी पहाटेपूर्वी ट्रलीनजीक बॅलिसीडी येथे नऊ कैद्यांना सुरुंगाभोवती बांधून तो उडविण्यात आला. आठ जणांच्या चिंधड्या झाल्या. स्टीफन फुलर हा एकटा स्फोटाच्या धक्क्याने दूर फेकला जाऊन वाचला, आणि म्हणूनच खरी हकिगत जगास कळली. लष्कराने चौकशी केली आणि आपल्या अमलदारांस निर्दोष ठरविले. एकाच परगण्यात, एकाच चर्चमध्ये प्रार्थनेस बसणाऱ्या आणि एकाच बाजारात गुरे विकणाऱ्या माणसांमध्ये हे घडले होते, ही गोष्ट वाचकांनी विसरू नये.

या पार्श्वभूमीवर १९२४ साली केरीचा संघ उभा राहिला. कैदेतून सुटून आलेल्या प्रजासत्ताकवादी खेळाडूंच्या संघाने काउंटीच्या प्रस्थापित संघास आव्हान दिले, ते सामने प्रत्यक्ष झाले, आणि त्यांतून दोन्ही बाजूंच्या गड्यांचा एक संघ निवडण्यात आला. मॉयव्हेन गावचा कॉन ब्रॉझ्नन हा फ्री स्टेट सैन्यातील कॅप्टन. ट्रलीचा जॉन जो शीही हा प्रजासत्ताकवाद्यांचा पुढारी, आणि यादवी संपल्यावरही सरकारी पकडीपासून दूर राहिलेला फरारी. असे सांगतात की शीही गर्दीतून वाट काढीत मैदानावर येई, सामना खेळे आणि शेवटची शिट्टी होताच पुन्हा गर्दीत नाहीसा होई, आणि त्याच्या या येण्याजाण्यास कोणी हरकत घेऊ नये अशी तजवीज ब्रॉझ्ननने करून ठेवलेली असे. १९२३ च्या स्पर्धेचा अंतिम सामना डब्लिनने केरीविरुद्ध जिंकला. १९२४ च्या स्पर्धेचा अंतिम सामना २६ एप्रिल १९२५ रोजी झाला, आणि त्यात केरीने त्याच डब्लिनचा चारास तीन असा पराभव केला. गोल एकही झाला नाही. दोन्ही बाजूंचे मिळून सात गुण. आजच्या प्रेक्षकास हा सामना कंटाळवाणा वाटेल. पण बॅलिसीडीनंतर अवघ्या दोन वर्षांनी ही माणसे एकमेकांकडे चेंडू टाकीत होती, आणि ज्या विजयाबद्दल मी आरंभी बोललो तो हा.

त्याच्या तोडीची दुसरी गोष्ट १९३१ सालची आहे. केरीत अशी वहिवाट होती की, आदल्या वर्षी काउंटीची स्पर्धा जिंकणाऱ्या क्लबाने काउंटी-संघाचा कर्णधार नेमावयाचा. त्या नियमाने ते पद ट्रलीच्या जो बॅरेटकडे जावयाचे होते. हा बॅरेट कट्टर प्रजासत्ताकवादी, यादवीत कैद भोगलेला. त्याने आपला हक्क सोडला आणि कर्णधारपद कॉन ब्रॉझ्ननला दिले. त्याच्या स्वतःच्या गोटातील अनेकांना ही कृती फितुरीहून फारशी वेगळी वाटली नसेल, असे मानावयास जागा आहे. केरीने त्या वर्षीही अजिंक्यपद जिंकले. १९२९ पासून १९३२ पर्यंतच्या सलग चार विजयांतील ते तिसरे.

या कथेवर गोडाचा पाक ओतण्याचा मोह अनेक लेखकांना झालेला आहे, म्हणून दुसरी बाजूही नमूद करतो. फुटबॉलने केरीतील वैर मिटविले नाही. तहाच्या बाजूचे आणि तहाविरुद्धचे असे दोन पक्ष आयर्लंडच्या राजकारणात कित्येक दशके समोरासमोर उभे राहिले, बॅलिसीडीच्या मृतांच्या आप्तांना न्याय मिळाला नाही, आणि १९३५ साली प्रजासत्ताकवादी कैद्यांना मिळणाऱ्या वागणुकीच्या निषेधार्थ केरीने त्या वर्षीच्या स्पर्धेतूनच अंग काढून घेतले. एकत्र खेळणे म्हणजे क्षमा करणे नव्हे. किंबहुना क्षमा न करताही एकत्र खेळता येते, हे केरीने दाखविले, आणि मला वाटते ते अधिक कठीण आहे.

नंतरचा इतिहास अधिक झगमगीत आहे आणि म्हणूनच अधिक ठाऊक. १९४७ चा अंतिम सामना न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर, समुद्रापार गेलेल्या आयरिश लोकांसमोर झाला आणि तो केरीने कॅव्हनविरुद्ध गमावला. १९७५ पासून वॉटरव्हिलच्या मिक ओ’ड्वायरच्या मार्गदर्शनाखाली आठ अजिंक्यपदे आली, आणि पॅट स्पिलेन, पॉडी ओ शे, गेर पॉवर, मायकी शीही व ओगी मोरन या पाच जणांनी प्रत्येकी आठ पदके मिळविली. १९७८ ते १९८१ असे सलग चार विजय झाल्यावर १९८२ मध्ये पाचव्याची गाणीसुद्धा आगाऊ ध्वनिमुद्रित झाली होती. अंतिम सामना संपण्यास काही मिनिटे उरली असता ऑफलीच्या शेमस डार्बी या राखीव गड्याने गोल केला आणि केरी एका गुणाने हरला. याच १९८२ पासून केरीच्या महिला संघाने मात्र सलग नऊ वर्षे अजिंक्यपद राखले. पुरुषांचा पाचवा हुकला याचे दुःख आजही घरोघर उगाळले जाते आणि बायकांच्या नवाचा उल्लेख क्वचित होतो, याला अन्याय म्हणण्यास मी कचरत नाही.

आता प्रश्न पुढचा आहे. क्रोक पार्कचे उत्पन्न, दूरचित्रवाणीचे करार आणि सदऱ्यावरील पुरस्कर्त्याचे नाव हे सर्व या खेळात केव्हाच येऊन बसले आहे. सरावाचा भार इतका वाढला आहे की, तो नोकरी सांभाळून पेलणे तरुणांस जड जाते, आणि खेळाडूंना मोबदला मिळावा ही मागणी अधूनमधून उठते. ती पूर्णतः अन्याय्य नाही. खेळाडूचा प्रवास, औषधोपचार, बुडालेली मजुरी यांची भरपाई सढळ हाताने व्हावी, त्यात काटकसर करणे लाजिरवाणे आहे. पण वेतन सुरू झाले की पाठोपाठ बोली येते, आणि बोली आली की फॉसा गावचा डेव्हिड क्लिफर्ड हा या पिढीतील सर्वश्रेष्ठ खेळाडू केरीचा राहावा की डब्लिनचा व्हावा, हे त्याच्या गावाऐवजी कोणाची तिजोरी मोठी यावर ठरेल. डब्लिनची तिजोरी मोठी आहे. १९२४ साली ब्रॉझ्नन आणि शीही यांना एका संघात आणणारा धागा त्या दोघांच्या मताचा नव्हता, पैशाचाही नव्हता. दोघे केरीचे होते आणि दुसऱ्या कोणाकडून त्यांना खेळता येत नव्हते, एवढाच तो होता. असोसिएशनने बाकी काहीही बदलावे, आपल्या काउंटीकडूनच खेळावयाचे हा नियम बदलू नये.